व्यसनमुक्ती गटाचा दुसरा माणूस कोण असावा?

दारू सोडलेल्यांचा आणि सोडू पाहणाऱ्यांचा गट वस्तीत सुरू करणे फारसे अवघड नाही. विहाराची मागची खोली मिळते, सतरंजी मिळते, रविवारी संध्याकाळी सात-आठ माणसे येऊन बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला की आठवड्याच्या मधल्या दिवसांचीही सोय होते. अवघड ते पुढेच. ज्याने गट काढला तो एकटा पडतो. त्याची शिरोलीला फौंड्रीत रात्रपाळी असते, घरी आई अंथरुणाला खिळलेली असते, आणि नेमके रात्री दोन वाजता ग्रुपवर कुणीतरी लिहितो, "दादा, हात लई थरथराय लागलेत. एक क्वार्टर आणू का?" दादा सकाळी सहाला फोन बघतात. तोवर क्वार्टर आणून, पिऊन, घरात भांडण होऊन झालेले असते.

म्हणून गटाला दुसरा माणूस लागतोच. तो मदतीला कमी-जास्त असावा म्हणून नव्हे, तर एकाच माणसावर उभा राहिलेला गट त्या माणसाबरोबरच बसतो म्हणून. फोनवरच्या ग्रुपचे तर आणखी एक आहे. एकुलता एक अ‍ॅडमिन बाहेर पडला की व्हॉट्सअ‍ॅप सदस्यांतल्या कुणालाही आपोआप अ‍ॅडमिन करून टाकते. कोण चार महिने कोरडा आहे, कोण कालच प्यायला आहे आणि कोण नुसता गंमत बघायला आत शिरला आहे, हे त्या यंत्राला काय कळणार? आपण निवडले नाही, तर निवड अशी होते.

आम्ही पहिल्यांदा निवड केली आणि ती चुकली. ती का चुकली ते सांगितले पाहिजे, कारण अशीच चूक दहा वस्त्यांत होत असेल.

आमच्या गटाला तेव्हा आठ महिने झाले होते. दुसरा अ‍ॅडमिन कोण, असा प्रश्न निघाला आणि पाच मिनिटांत निकाल लागला. जयंतीची वर्गणी जो गोळा करतो, मिरवणुकीचा परवाना जो आणतो, महापालिकेत ज्याची ओळख आहे, बोलायला जो खडा आहे, त्यालाच केले. भाऊ कामाचा होता, आजही आहे. पण आपल्याकडे एक सवय पडली आहे: जो एका कामात पुढे, तोच सगळ्या कामांत पुढे. गटारीसाठी अर्ज करणारा तोच, लग्न जुळवणारा तोच, आणि आता दारू सोडवणाराही तोच. तीन आठवड्यांनी एका ताईने रात्री ग्रुपवर लिहिले. नवऱ्याने भिशीचे पैसे नेले, जाब विचारला तर हात उगारला, आता मुलींना घेऊन कुठे जाऊ, असे ते चार ओळींचे लिहिणे होते. आमच्या भावाने त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि तिच्या दिराला पाठवला. हेतू वाईट नव्हता. घरातल्या मोठ्याने समजावून सांगावे, एवढेच त्याच्या मनात होते. दिराने तो आणखी दोघांना दाखवला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळले. ताई ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिचा नवरा, जो दोन रविवार आला होता, तोही यायचा बंद झाला.

त्या भावाला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते की इथले इथेच ठेवायचे असते. आम्ही त्याला ग्रुपच्या चाव्या दिल्या. काम काय आहे, ते समजावले नाही.

आपल्या समाजात या गुप्ततेला दुप्पट वजन आहे, याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेला म्हणतो. ही आपली ताकद आहे. कितीतरी घरे या एका प्रतिज्ञेने उभी राहिली. पण ज्याची सवय सवयीपलीकडे गेली आहे, त्याला हीच गोष्ट विहाराच्या दारात अडवते. तो पाचवे शील म्हणताना ओठ मिटतो, मग मागे बसायला लागतो, मग येतच नाही. दारूचे अवलंबित्व जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घातलेले आहे; पण वस्तीत त्याला "प्रतिज्ञा मोडलेला" म्हणतात आणि हे ऐकायला लागू नये म्हणून तो आणखी पितो. गटाचा दुसरा माणूस निवडताना आमच्या मते पहिला प्रश्न हाच विचारावा: हा माणूस प्रतिज्ञा हातात काठीसारखी धरतो काय? धरत असेल तर तो कितीही निष्ठावान असो, या कामाला तो नको. धम्माची दुसरी पुष्कळ कामे आहेत, ती त्याने करावीत.

मग हवा कसा? यासाठी लांब जायला नको. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे, तो आपण विहारात ऐकलेला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते, कारण तोही कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले की तुम्हाला आईबाप जवळ नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तिथे रुग्णाची सेवा करायला लायक माणूस कोणता, हे पाच गोष्टींत सांगितले आहे. त्याला औषध करून देता आले पाहिजे. काय सोसेल आणि काय सोसणार नाही, हे कळले पाहिजे. सेवा मैत्रीभावाने झाली पाहिजे, काही मिळेल म्हणून नव्हे. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस येता कामा नये. आणि योग्य वेळी धम्माचे चार शब्द सांगून रुग्णाचे मन उभे करता आले पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी दारूच्या गटाला आजही लागू पडते, फक्त तिचा अर्थ आपल्या कामापुरता लावून घ्यायला हवा.

किळस नसणे, यावर आम्ही सगळ्यात जास्त भर देऊ. पिऊन आलेला माणूस सभेत ओकतो, शिव्या देतो, तेच तेच तीनदा सांगतो. सोडतो म्हणून शपथ घालतो आणि गुरुवारी पुन्हा पितो. फोनवर तो रात्री अकराला अर्धवट वाक्ये लिहितो, नको ती चिन्हे टाकतो. हे बघून ज्याचे नाक मुरडते त्याला दोन महिन्यांत कंटाळा येणार. म्हणून ज्याने हे स्वतः भोगले आहे, किंवा घरात जवळून बघितले आहे, तोच बरा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली पुष्कळ माणसे आहेत. आणि आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी आपल्या लोकांना हेच सांगितले होते की पुढारी बाहेरून आणू नका, तो तुमच्यातूनच मिळाला आहे. ती गोष्ट फार मोठ्या अर्थाची होती. पण लहान कामालाही ती लागते.

काय सोसेल आणि काय सोसणार नाही, हे कळण्याचा भाग जिवावरचा आहे. रोज सकाळपासून पिणाऱ्याने एका दिवसात, घरच्या घरी, कुणाला न विचारता दारू बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात; भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलेय असे वाटते, ताप चढतो. ही अवस्था वेळेवर दवाखान्यात नेली नाही तर माणूस दगावू शकतो. घरचे लोक याला वेड किंवा बाहेरची बाधा समजतात आणि अंगारा लावत बसतात. म्हणून रात्री दोनच्या त्या निरोपाला "अजिबात पिऊ नकोस, मन घट्ट कर" एवढे उत्तर पुरत नाही. रोज किती पितो, यापूर्वी कधी फिट आली होती का, सोबत कोण आहे, हे विचारायला सुचले पाहिजे. त्या रात्री तो प्यायला की नाही, यापेक्षा तो सकाळी सीपीआरच्या मानसोपचार विभागात पोचला का, हे महत्त्वाचे. फिट आली, बरळायला लागला, तर १०८ ला फोन. एरवी व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत. हे तीन आकडे दुसऱ्या माणसाला पाठ हवेत. डॉक्टरकी मात्र त्याने करू नये.

आणखी एक अपथ्य ग्रुपवर वारंवार येते. "त्याला कळू न देता दारू सोडवा" अशा जाहिराती आपण एसटी स्टँडच्या भिंतीवर बघतो, आता त्या फोनवर येतात. बायका बिचाऱ्या कंटाळून ती पावडर भाजीत मिसळतात. अशा पुडीत काय असते याचा भरवसा नसतो. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे, ते डॉक्टर रुग्णाला सांगून, तपासून देतात. पण न सांगता ते पोटात गेले आणि वर दारू गेली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, आणि प्रसंगी जीवही जातो. अशी जाहिरात ग्रुपवर पडली की दहा मिनिटांत काढून टाकणारा आणि का काढली ते दोन ओळींत न रागावता सांगणारा माणूस हवा. अ‍ॅडमिनला कुणाचाही निरोप सगळ्यांसाठी पुसता येतो. ही सोय याच कामासाठी वापरायची, नावडते मत पुसायला नाही.

तिसरी गोष्ट, लाभाची. इथे पैसा नाही, म्हणून लाभ नाही असे वाटते. पण निवडणूक जवळ आली की दीडशे फोन नंबरांचा ग्रुप हा फार मोठा लाभ असतो. कुणी विम्याचा एजंट असतो, कुणी चेन मार्केटिंगमध्ये असतो. गटातल्या दुःखी माणसाला काहीही विकता येते, हे त्यांना चांगले माहीत असते. या बाबतीत आनंदाचे उदाहरण आम्हाला फार भावते. सुरुवातीची वीसेक वर्षे भगवंतांजवळ कायमचा सेवक नव्हता. भिक्खू बदलत राहिले, एखादा मधेच सोडूनही गेला. पुढे आनंदाला विचारले तेव्हा त्याने लगेच होकार दिला नाही. त्याने आठ अटी घातल्या. त्यांतल्या चार अशा होत्या की मला चांगले चीवर नको, चांगली भिक्षा नको, वेगळी कुटी नको, आणि आपल्याला आलेल्या आमंत्रणाला मला बरोबर नेऊ नये. लाभासाठी सेवा करतो असे उद्या कुणी म्हणू नये, यासाठी. उरलेल्या चार अटी कामाच्या होत्या: मी स्वीकारलेले आमंत्रण आपण घ्यावे, लांबून आलेल्याला मला लगेच भेटवू द्यावे, शंका आली की केव्हाही विचारू द्यावी, माझ्या माघारी दिलेले प्रवचन मला पुन्हा सांगावे. म्हणजे मान नको, पण काम करायला लागणारा अधिकार आणि माहिती हवी. आपल्याकडे नेमके उलट होते. दुसऱ्या माणसाला स्टेजवर खुर्ची देतात, सत्काराला नारळ-शाल देतात. आणि गटात कोण नवीन आले, कोण परत प्यायला, कुणाची फिटची गोळी चालू आहे, हे पहिला माणूस त्याला सांगतच नाही. मग तो नावालाच दुसरा.

जो होकार द्यायला तयार आहे त्याने अटी घातल्या तर आम्हाला आता आनंद होतो. "रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मी फोन उचलणार नाही, तुम्ही उचला," असे आधीच सांगणारा, "बघू की, करू की" म्हणणाऱ्यापेक्षा शंभर पटीने बरा.

निवडायचे कसे, याचीही रीत आपल्या घरातच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सगळे भिक्खू संघाला माहीत होते. त्याच भाषणात राजकारणातली भक्ती माणसाला कुठे नेते, याचाही त्यांनी इशारा दिला होता. संघात भांडारावर माणूस नेमायचा तरी तो नाव घेऊन संघापुढे मांडला जाई आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, अशी मोकळीक असे. नेमला जाणारा चार वाटांनी वाकडा जाणारा नसावा अशी अट असे: आवडीने, द्वेषाने, अज्ञानाने, भीतीने. आमच्या पहिल्या निवडीत भीती होती, हे आज कबूल करतो. त्याला नाही म्हणायला कुणी धजले नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. नाव रविवारी मांडले, निर्णय पुढच्या रविवारी घेतला. मधल्या आठवड्यात ज्याला समोर बोलता येत नाही त्याने चिठ्ठीवर किंवा एकट्याला फोनवर सांगावे, असे ठरले. दोन फोन आले, त्यांपैकी एक फार उपयोगी पडला. नेमणूक सहा महिन्यांची. अमेरिकेत १९३५ ला सुरू झालेल्या आणि आता मराठीतूनही सभा भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या गटांत ही पद्धत आहे. तिथे पद भूषवणारा हुकूम चालवत नाही, तो सेवेकरी असतो, आणि सेवा पाळीपाळीने फिरते. मुदत संपली की कुणाचा अपमान होत नाही. मधेच तो स्वतः पुन्हा प्यायला, तर त्याने सांगावे आणि अ‍ॅडमिनपद सोडावे. गट सोडू नये. आम्ही हे लिहूनच ठेवले आहे, कारण त्या वेळी लाज इतकी असते की माणूस फोनच बंद करून ठेवतो.

एका गोष्टीवर आमच्यात अजून वाद आहे. पिणारा आणि त्याची बायको एकाच ग्रुपवर असावेत का? काही जण म्हणतात की कुटुंब एक आहे, तोडू नका. आमचे मत असे की तोडावे. त्या ताईच्या प्रकरणानंतर तर नक्कीच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जोडीला घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचा वेगळा गट १९५१ पासून आहे, तो उगाच नाही. बाईला नवऱ्यासमोर, त्याच्या मित्रांसमोर खरे लिहिता येत नाही. शिवाय ग्रुपवर प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि त्याचा त्रास कुणाला होतो हे सांगायला नको. आम्ही बायकांचा गट बुधवारी वेगळा केला, त्याचा ग्रुप वेगळा, त्याच्या दोन्ही अ‍ॅडमिन बायका. आमच्यापैकी एकही पुरुष त्यात नाही.

अ‍ॅडमिन व्हायला लोक एका कारणाने घाबरतात, ते असे की कुणी भलतेसलते टाकले तर पोलीस आपल्याला धरतील. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आहे की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, त्यात अ‍ॅडमिनचा सामील हेतू नसेल तर, केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा तेवढ्या भीतीपायी नाही म्हणू नये.

रविवारच्या गटात आता जो दुसरा माणूस आहे तो चपलेच्या कामाचा कारागीर आहे. त्याला सोडून दीड वर्ष झाले. पहिले चार महिने तो सभेत एक शब्द बोलला नव्हता. पण आज कोण आले नाही, हे शेवटी तोच विचारायचा, आणि जाताना त्याच्या घरावरून जायचा. ग्रुपवर त्याचे लिहिणे तीन-चार शब्दांचे असते. "जयभीम. जागा आहे. बोल." रात्री दोनलाही. त्याच्या पाळीच्या आठवड्यात पहिले दादा झोपतात, दादांच्या पाळीत तो झोपतो. त्याला स्क्रीनशॉट काढता येत नाही, असे तो हसत सांगतो. येत असावा, आम्हाला शंका आहे.

ती ताई अजून परत आलेली नाही. तिचा नंबर आमच्याकडे आहे. पण तिला फोन करायचा का, केव्हा आणि कुणी, हे आता बुधवारच्या बायका ठरवणार आहेत.